मेण प्यायलेली चेन

मित्रांनो, गोठ्याच्या दारामागे खिळ्याला टांगलेली ही सायकलची चेन म्हणजे मी. माझ्या पिना आता झिजल्या आहेत. मी मूळ मापापेक्षा नखभर लांब झाले आहे, आणि एवढी लांबलेली चेन दातेरी चक्रांचे दात खाते. म्हणून मला उतरवले. माझी तक्रार नाही. पायडलखाली भरपूर चालून झाल्यावर खिळा मिळणे ही चेनसाठी चांगली अखेर आहे. बऱ्याच जणी भंगारात जातात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. पट्टी, रोलर, पिन, पुन्हा पट्टी, आणि वरून ठोका. मग मला दाट, चिकट ग्रीसमध्ये बुडवून डब्यात बंद केले. डबा उघडला तो थेट किर्गिझस्तानात, नारीनजवळच्या एका गावात, एका लग्नघरी. नवरी होती आयसालकिन. लहानपणापासून ती सायकलच्या शर्यतीत उतरत असे. तिला शिकवणारे ओरोझ गुरुजी आहेर म्हणून मला घेऊन आले होते. इतरांनी गालिचे, रजया, चहाचे पेले आणले होते. माझा डबा उघडल्यावर हशा पिकला.

"गुरुजी, ही गळ्यात घालायची की कमरेला?" कुणीतरी विचारले.

"पायाला," गुरुजी म्हणाले. "पण पळून जाण्यासाठी, बांधून ठेवण्यासाठी नाही."

तिच्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे नाव सोनुनबुबू. आयसालकिन त्यांना अपा म्हणते. अपांनी थोड्याच दिवसांत तिला स्पष्ट सांगितले, "या उन्हाळ्यातली शर्यत कर. प्रांताच्या संघात निवड झाली तर हवं तिथे जा, मी अडवणार नाही. नाही झाली तर सायकल विकायची आणि घराकडे बघायचं." आयसालकिनचा नवरा मेंढरे घेऊन वरच्या कुरणावर गेला होता. तिच्या बाजूने बोलणारे घरात कुणी नव्हते. ती फक्त "बरं, अपा" म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्यावरची तिची नजर बदलली. तिने माझ्या अंगावरचे कारखान्यातले ग्रीस धुऊन काढले आणि मला वितळलेल्या मेणात बुडवले. शर्यतीचा रस्ता खिंडीकडे चढतो. त्या वर्षी तो मैलोन्मैल खणून ठेवला होता. तेल लावलेल्या चेनवर अशा रस्त्याची धूळ चिकटते, पिनांच्या आत शिरते आणि पोलाद घासून काढते. मेण मात्र कोरडे असते. त्यावर धूळ बसते तशी झडून जाते. फक्त आधी अंगावर तेलाचा थेंबही राहता कामा नये. तेलकट पोलादाला मेण धरत नाही.

आता त्या दुपारची गोष्ट. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सायकल अंगणात उलटी करून ठेवलेली होती. आयसालकिन पाठीमागच्या ओट्यावर पीठ मळत होती. तेवढ्यात सासरे वाडगा घेऊन आले. ते जन्मभर खोगिरे शिवत आले. त्यांच्या घराण्याची रीत आहे की, कुणी लांबच्या वाटेला निघाले की घरातल्या वडीलधाऱ्याने त्याच्या सामानाला मेंढीच्या शेपटीची चरबी लावायची. लगाम असो, बूट असो, खोगिराचा पट्टा असो, कोरडे सामान घेऊन कुणी दाराबाहेर पडायचे नाही.

"सूनबाई!" ते म्हणाले. "ही चेन बघितलीस? उंटाच्या ढोपरासारखी कोरडी पडलीये!"

आयसालकिनचे हात पिठात थांबले. "अताके..." ती म्हणाली. तिकडे सासऱ्यांना असे म्हणतात.

"लाजू नकोस. तेल महाग झालंय, ठाऊक आहे मला. मागायचं होतंस."

नव्या सुनेने सासऱ्यांचे नाव घ्यायचे नाही, त्यांच्याकडे पाठ करायची नाही आणि ते काही करत असताना 'असं नको' म्हणायचे नाही. तिला घरी तसेच वळण होते. तिने मान खाली घातली. म्हाताऱ्याने बोटे भरभरून चरबी घेतली आणि कडी न कडी चोळली. फार प्रेमाने चोळली. मला ते सांगितलेच पाहिजे. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता, आणि इतके नुकसानही कुणी केले नव्हते.

"चरबीशिवाय चामडं आणि आशीर्वादाशिवाय माणूस, दोन्ही वाटेत तुटतात," ते म्हणाले. हात पुसत ते चहाला आत गेले. वारा सुटला. अंगणातली धूळ उडाली आणि सगळी माझ्या अंगावर बसली.

आयसालकिन आली, बोटाने मला चाचपून बघितले आणि परत ओट्याकडे गेली. मला धुवायचे तर सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा आशीर्वाद धुवायचा. न धुवावे, तर खिंडीच्या अर्ध्यात मी करकरणार, गिअर बदलणार नाही आणि सायकल विकली जाणार. ती पीठ मळत राहिली.

"पीठ मळतेस की कुणाचा गळा दाबतेस?" अपा दारातून म्हणाल्या.

"काही नाही, अपा."

"काही नाही म्हणून कुणी पिठाच्या हाताने डोळे पुसत नाही. बोल. मी काही तो म्हातारा नाही."

तिने हळू आवाजात सांगितले. अपांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता संपले. सायकल घालवायची अशी आयती संधी सासूला पुन्हा कधी मिळणार? अपांनी कमरेवर हात ठेवले आणि घराकडे तोंड करून हाक मारली.

"अहो म्हातारबा! बाहेर या. न्हाऊन बसलेल्या नवरीला चिखल फासलात तुम्ही!"

सासरे पेला हातात घेऊन आले. अपांनी सगळे सांगितले. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या तळहाताकडे पाहिले. त्यांचा चेहरा पडला.

"तू तोंड का नाही उघडलंस?" त्यांनी सुनेला विचारले.

"अताके, तुम्हाला कसं सांगणार?"

"घोडं बोलत नाही, म्हणून त्याच्या खुरातला खडा मला शोधावा लागतो. तू काय घोडं आहेस?" मग पेला खाली ठेवून ते म्हणाले, "काय काय लागेल ते सांग."

"मी सौदा केला होता," अपा पुटपुटल्या. "शर्यतीत हरली तर विकायची. चरबीत हरली तर नाही."

आणि मित्रांनो, त्या घरात आयसालकिनने पहिल्यांदा हुकूम सोडले. जोडाची कडी उघडून तिने मला उतरवले. मोटारसायकलच्या टाकीतून पेट्रोल काढून आणले. चुलीपासून दूर, अंगणाच्या टोकाला मला बरणीत घालून खळखळा हलवले. पेट्रोल काळेकुट्ट झाले. दुसऱ्यांदा कमी काळे, तिसऱ्यांदा स्वच्छ. मग मेंढरांना सुई टोचताना लागणारे स्पिरिट अपांनी कपाटातून काढून दिले. त्याने पेट्रोलचा राहिलेला अंशही निघून गेला. मला उन्हात टांगले. वीज जाते म्हणून ठेवलेल्या मेणबत्त्या अपांनी मोडून दिल्या.

"माझं पातेलं मिळणार नाही," त्यांनी बजावले. "तो जुना डबा घे."

सासरे डबा सरळ विस्तवावर ठेवायला निघाले.

"थेट नको, अताके! मेण पेटतं. उकळत्या पाण्यात ठेवा."

"ऐकलं, सेनापती," म्हातारा म्हणाला आणि त्याने पाण्याची कढई आणली.

मेण पाण्यासारखे पातळ झाल्यावर मला त्यात सोडले. माझ्या पिनांमधली हवा बुडबुडे होऊन वर येऊ लागली. सासरे गुडघे टेकून बघत होते. "पितीये," ते म्हणाले. "चामडं पितं तशीच पितीये." बुडबुडे थांबेपर्यंत कुणी मला बाहेर काढले नाही. मग तारेने उचलून दोरीवर टांगले. गार झाल्यावर मी काठीसारखी ताठ झाले.

"मेली!" सासरे ओरडले. "लाकूड झालं हिचं!"

आयसालकिन मोठ्याने हसली. त्या घरात ती असे हसल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले. तिने मला झाडूच्या दांड्यावर घेऊन एकेक कडी वाकवून मोकळी केली. मेणाचे पांढरे कपचे अंगणात पडले. कोंबड्यांनी त्यांवर चोची मारून पाहिल्या आणि माना फिरवल्या.

सकाळी शर्यत सुटली. खणलेल्या रस्त्यावर धुळीचा लोट असा उठला की पुढची सायकल दिसेना. आमच्या आसपास चेना करकरू लागल्या. एकीची तर चढावर अडकून निसटलीच. आयसालकिन गिअर बदलत होती आणि मी चक्रावरून चक्रावर मुकाट जात होते. ती पहिली आली नाही. चौथी आली. संघात चार जणी घ्यायच्या होत्या. ओरोझ गुरुजींनी टोपी हवेत उडवली आणि ती गटारात पडली.

अपा लोकांतून वाट काढत आल्या. "निवडली का?"

"निवडली, अपा."

अपांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला आश्चर्य वाटले. "सुटले बाई," त्या म्हणाल्या. "सायकलला गिऱ्हाईक शोधायला मी कुठे जाणार होते?"

त्यानंतर मी अनेक उन्हाळे चालले. रोज कोरड्या फडक्याने पुसणे, आवाज कोरडा येऊ लागला की कढत पाण्याने धुऊन, पुरते वाळवून पुन्हा मेण, एवढाच माझा थाट होता. एका हिवाळ्यात तिच्या बाळंतपणाच्या गडबडीत मी बर्फाच्या पाण्यात भिजून तशीच राहिले आणि गंजाने लाल झाले. तीही चूक तिने घासून, पुसून निस्तरली. शेवटी ती गुरुजींकडचे, चेन किती लांबली ते दाखवणारे माप माझ्या कड्यांत घालून म्हणाली, "झालं हिचं," आणि मला या खिळ्यावर टांगले. सायकलवर आता नवी चेन आहे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नाही. आमची काळजी घ्या, पण घेण्याआधी कोणाला काय लागते ते विचारा. जे घोड्याच्या लगामाला मानवते ते चेनला मानवेलच असे नाही. आणि तुम्हाला तोंड आहे. नुकसान होत असेल तर वडीलधाऱ्यांनाही नम्रपणे सांगा. बहुतेकदा ते पेला खाली ठेवून मदतीला येतात.

आमचे म्हातारबा आजही घरातून निघणाऱ्या प्रत्येकाच्या बुटाला चरबी लावतात. गोठ्यात सायकलपाशी आले की मात्र वाडगा पाठीमागे धरतात आणि घराकडे तोंड करून विचारतात, "सूनबाई, ही काय पिते?"

आतून खणखणीत उत्तर येते, "मेण, अताके! हात लावू नका!"

मग ते समाधानाने खिळ्यावरच्या माझ्याकडे वळतात आणि वाडग्यातले बोटभर मला लावतात. आता मला ते चालते.