गवताला पाणी

घरामागची सहा पावलं रुंद आणि अकरा पावलं लांब जागा मी बाबांशी भांडून मिळवली होती. त्यांना तिथे स्कूटरसाठी फरशी हवी होती. शेवटी तह झाला. दोन आठवड्यांनी रविवारी मावशी टोमॅटोची रोपं आणणार, तोवर जमीन स्वच्छ दिसली तर बाग, नाहीतर सोमवारी फरशीवाला. मी मान ताठ करून हो म्हटलं. नुकतीच वर्गप्रतिनिधी झाले होते. वर्ग ऐकतो म्हणजे जमीनही ऐकेल, असं वाटत होतं.

मावशी रोपवाटिकेत काम करते. खुरप्याने सावकाश, गाठीसकट गवत काढ, असं तिने फोनवर दोनदा बजावलं होतं. पण खुरपं घेऊन उकिडवं बसायला वेळ कोणाला होता? मी कुदळ घेतली. दोन दिवसांत सगळं उलटंपालटं करून, ढेकळं फोडून जमीन अशी भुसभुशीत केली की मैत्रिणींना फोटो पाठवले. वर जोशात आठवडाभर पाणीही मारलं.

गुरुवारी शाळेतून आले तर मातीभर हिरव्या सुया. आधी चार-दोन ठिकाणी असलेलं गवत आता वीतभर जागा सोडायला तयार नव्हतं. एक उपटलं, तर नुसतं पातं हातात आलं. उकरून पाहिलं, तर खाली चिंचोक्याएवढी काळी गाठ.

मावशी फोनवर आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "लव्हाळा आहे तो. जमिनीत गाठींची माळ असते. एक उगवते, बाकीच्या झोपलेल्या असतात. तू माळ तोडून सगळ्यांना उठवलंस, बाई."

पाणी घालून त्याला वर येऊ द्यायचं, गाठीसकट काढायचं आणि हे तीनदा करायचं, मगच रोपं लावायची, असं तिने सांगितलं. रोपांच्या मुळांत लव्हाळा शिरला की दोन्ही एकदमच उपटावी लागतात. तीनदा म्हणजे तीन आठवडे. आणि माझ्याकडे होते तीन दिवस.

शनिवारी संध्याकाळी मी कात्री घेऊन बसले. वरचं हिरवं कापलं की जमीन स्वच्छच दिसणार होती. अर्धा वाफा कापला, खरंच छान दिसला. पण खालच्या गाठी काही डोळ्यांसमोरून हलेनात. कात्री ठेवली आणि खुरपं शोधलं.

रविवारी सकाळी बाबा टेप घेऊन आले तेव्हा मी झारीने पाणी घालत होते.

"रोपं आली?"

"नाही. मावशीला थांबायला सांगितलंय."

"मग पाणी कशाला?"

"गवताला."

मला ताप आलाय की काय, अशा नजरेने त्यांनी पाहिलं. मी सगळं सांगितलं, कुदळीचं आणि कात्रीचंसुद्धा. वर्गात खणखणीत असणारा माझा आवाज इथे फाटत होता. ते वाकले, एक पातं ओढलं. नुसतं पातंच आलं. मग माझ्या पायाशी पडलेलं खुरपं घेतलं आणि बराच वेळ खणून एक गाठ बादलीत टाकली.

"हे फरशीच्या सांध्यांतूनही वर आलं असतं," ते पुटपुटले. "तीन आठवडे. एक दिवसही जास्त नाही."

ते आत गेल्यावर मी उरलेली झारी रिकामी केली आणि काल खुरप्याने गाठी काढलेल्या कोपऱ्याकडे बघत बसले. तिथे अजून काहीच उगवलं नव्हतं, आणि मला खाली झोपून राहिलेल्या गाठींचीच भीती वाटत होती.