बायनाबाईचे चिंचोके

सोमवार, दिनांक १० जानेवारी १९५५, सकाळी साडेदहा वाजता, वालूरपासून दोन कोसांवरील एका गावाच्या कन्याशाळेत मुख्याध्यापक दिनकररावांनी टाक दौतीत बुडवला आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षिका मनकर्णाबाईंना दुसरा प्रश्न विचारला.

"शाळेच्या वेळेत मूल कोण सांभाळणार?"

"बायनाबाई."

"त्या घरोघर हिंडून मुलींना बोलावून आणतात. तेवढा वेळ कोण?"

मनकर्णाने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. बाळंतपणाच्या तीन महिन्यांच्या रजेनंतर ती आज प्रथमच या खोलीत आली होती. बाहेर ओट्यावर बायनाबाई मनकर्णाच्या लेकीला मांडीवर घेऊन थोपटत होती.

दिनकररावांनी त्या प्रश्नापुढील जागा कोरी ठेवली. पट्टीने रेघा आखून त्यांनी सात प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून काढले होते. उत्तरांचा कागद आजच सेलूच्या शिक्षण कचेरीत जायचा होता. उत्तरे समाधानकारक नसली, तर रजेच्या काळात वर्ग पाहणारे व्यंकटी गुरुजी त्या जागेवर कायम होणार होते.

"पुनश्च असा प्रसंग उद्भवण्याचा संभव आहे काय?"

"हे पंडित गुरुजींना विचारलं होतं का, सर? गेल्या पोळ्याला त्यांच्याकडे चौथा पाळणा हलला."

"त्यांनी रजा घेतली नव्हती."

"घेतली होती. बारशाला. दोन दिवस."

वाद अर्ध्यावर सोडणे हा दिनकररावांचा स्वभाव नव्हता. त्यांनी रजेची वही काढली, पाने उलटली, एका ओळीवर बोट ठेवले.

"दोन दिवस. मान्य. परंतु तीन महिने नव्हेत." मग त्यांनी हजेरीपट पुढे ओढला. "आणि हे पाहा. तुमच्या गैरहजेरीत पटावरच्या बावीसही मुली रोज उपस्थित आहेत. तुमच्यावाचून वर्गाचे काही अडले आहे, असे मी कोणत्या आधाराने लिहू?"

ओट्यावर कोणीतरी हसले. मग बाळ खांद्याशी घेतलेली बायनाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"बावीस? सायेब, मला बी दावा की त्या बावीस."

"हजेरीपट समोर आहे, बायनाबाई."

"माजा बी हाय."

तिने कमरेची चंची सोडली आणि एका कप्प्यातले चिंचोके टेबलावर ओतले. ते नऊ होते. दुसऱ्या कप्प्यातून तेरा निघाले.

"ह्या नऊ येतेत. ह्या तेरा दसऱ्यापासून घरीच बसल्यात. दारात गेलं की त्यांच्या आया म्हन्त्यात, बाई आल्या की धाडू. व्यंकटी गुर्जी लय भला मानूस, पन पोरी त्यांच्यापुढं तोंडच उघडंनात."

"मग हे काय आहे?" दिनकररावांनी हजेरीपटावर बोट आपटले.

"गुर्जी म्हन्ले, कमी लिवलं तर शाळा मोडंल."

दिनकरराव उठले. चष्मा नीट करून ते वर्गाकडे चालू लागले.

मनकर्णा टेबलाजवळ सरकली. चंचीच्या तोंडाशी आणखी एक चिंचोका अडकला होता. एक बाजू काळी, गुळगुळीत. दुसरी दगडावर घासून पांढरी केलेली. निजामाच्या राजवटीत पटवाऱ्यांच्या ओसरीत उस्तानी, म्हणजे उर्दू शिक्षिका, मुलींचा वर्ग भरवीत, त्या दिवसांतला तो होता. पहाटेच्या गारठ्यात हीच बायनाबाई दारात येऊन हाक मारी, "मनकर्णे, चल गं, उस्तानीबाई आल्या." डोक्याला तेल लागलेले नसे, पाटी कोनाड्यात राहून जाई. बायनाबाई एकेक मुलगी बरोबर घेई आणि एकेक चिंचोका या कप्प्यातून त्या कप्प्यात टाकी. आपला चिंचोका इतरांत हरवू नये, म्हणून आठ वर्षांच्या मनकर्णाने तो ओसरीच्या पायरीवर दुपारभर घासला होता. बोटाचे कातडे सोलवटले होते आणि आईने त्यावर हळद लावली होती.

"मावशे, अजून ठेवलास?"

"ठेवती की. तीन म्हैने न आलेल्यांच्या कप्प्यातच पडलाय. तुज्या दारात जाऊन रोज उगंच हुबी ऱ्हायची मी. बाळंतिनीला हाक कशी मारावी?"

मनकर्णाने बाळाच्या कुंचीची नाडी नीट बांधली.

दिनकरराव परतले ते खुर्चीवर न बसता टेबलाशी उभे राहिले. त्यांनी पहिल्या ढिगातले चिंचोके टाकाच्या टोकाने एकेक मोजले. पुन्हा मोजले.

"नऊ," ते म्हणाले.

त्यांनी पट्टी घेतली आणि शेवटच्या पाच प्रश्नांवर पाच सरळ रेघा ओढल्या.

"बायनाबाई, त्या तेरा मुलींना आताच्या आता घेऊन या."

"जाती. पन हिला कोन धरावं?"

दिनकररावांनी कागदाकडे पाहिले. दुसऱ्या प्रश्नापुढची जागा अद्याप कोरी होती. त्यांनी टाक पुसून दौतीजवळ ठेवला, कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडे. आणि घरोघर सांगा, बाई वर्गावर हजर आहेत."