चुकून दाबलं

“मास्तर, आज काय दुखतंय?” हेडफोन कानावर नीट बसवत तिनं विचारलं.

“काही नाही गं. चार वाजले का ते विचारायला दाबलं.”

“भिंतीवर घड्याळ आहे ना तुमच्या?”

“आहे की. पण ते मेलं उलट बोलत नाही!”

ती हसली. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून तिनं पडद्यावर ‘चुकून दाबलं’ या चौकटीत खूण केली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात कंपनीचं बटण असे. दाबलं की त्यांच्या खोलीतल्या स्पीकरमधून हिचा आवाज येई. ‘मदत हवी’वर खूण केली की रुग्णवाहिका निघे. ‘विनाकारण त्रास’वर तीनदा केली की बटणच बंद होई. म्हणून ती रोज चारला मास्तरांच्या नावापुढे हे एवढंसं खोटं लिही. त्यात कुणाचं काय जात होतं?

कंपनीचा मालक तिशीचाही नव्हता. त्याला अरेतुरेच करायचं, असा नियम होता. इथे म्हणे कुणी साहेब नाही! पगारवाढ मागा, मग दिसे साहेब. त्या मंगळवारी संध्याकाळी त्यानं सगळ्यांना गोल करून बसवलं, डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावले आणि मग म्हणाला, “आपण आजच्या दहा हजार म्हाताऱ्यांसाठी नाही, उद्याच्या दहा कोटींसाठी काम करतोय. एवढे कॉल माणूस घेऊ शकत नाही. उद्यापासून यंत्र घेईल.”

“आणि कोण खरंच पडलंय ते यंत्राला कळेल का रे?” तिनं विचारलं.

“तुझ्याकडूनच शिकलंय ते. तुझ्या खुणा सगळ्यांत नेटक्या.”

टाळ्या पडल्या. वीस जणींतून तिला एकटीला ठेवलं, यंत्रानं घेतलेल्या कॉलची यादी दुसऱ्या दिवशी तपासायला. बाकीच्या आपापली खोकी भरून निघाल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घर तिच्याच पगारावर चाललं होतं. तिनं मान वर केली नाही.

गुरुवारी सकाळी यादीत मास्तरांचं नाव आलं. वेळ चारची नव्हती. बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मग सात बारा. मग सात तेरा. अशा नऊ ओळी, आणि प्रत्येकीपुढे ‘चुकून दाबलं, कॉल बंद केला’. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : याच माणसाच्या नावापुढे अशाच दोनशे बारा जुन्या खुणा. खाली तिचाच कर्मचारी क्रमांक.

ती तशीच मालकाकडे धावली.

“शंभरात सत्त्याण्णव बरोबर येतायत,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “तू खूण बदल. पुढच्या वेळी चुकणार नाही ते.”

“पुढच्या वेळी? अरे, जितंजागतं माणूस आहे ते!”

“असं एकेकात अडकलो तर दहा कोटींचं काय होणार?” तो अगदी मवाळपणे म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

जागेवर येऊन तिनं मास्तरांच्या घरचा नंबर लावला. फोन त्यांच्या मुलीनं उचलला. ती परगावी राहायची, रात्रीच येऊन पोचली होती.

“बाबा गेले,” मुलगी म्हणाली. “मोरीत पडले होते. संध्याकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा कळलं. बटण मुठीतच होतं.” मग म्हणाली, “तुम्ही चार वाजताच्या ताई ना? मी त्यांना माझ्याकडे न्यायचं म्हटलं की म्हणायचे, कशाला, ती ताई आहे ना माझी.”

खोटं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“नऊ वेळा दाबलं त्यांनी,” ती म्हणाली. “कुणी उचललं नाही.”

पलीकडे कुणीतरी भांडी हलवत होतं.

“पण तुम्ही तर रोज उचलायचात,” मुलगी म्हणाली. तिला खरंच काही कळत नव्हतं.