तुळशीबाईच्या अंगणातला ठिपका

संशोधन संस्थेच्या वार्षिक अहवालात यामिनी पावराला अख्खं दीड पान मिळालं होतं. बाकीच्या तेवीस संशोधक विद्यार्थ्यांची मिळून दोन पानांत बोळवण केलेली. प्राध्यापकांची पेटंटं, परदेशातली भाषणं, पदकं, सगळं मागे सारून मुखपृष्ठावर तिचा नकाशा झळकत होता. सातपुड्यातल्या तेरा पाड्यांवर तापाची साथ कुठून उठते, ते संगणकानं शोधून काढलं होतं. हिरव्या डोंगरांत एकच लालभडक ठिपका. त्या ठिपक्याला दिल्लीच्या परिषदेत पहिला पुरस्कार मिळाला. तिचे मार्गदर्शक तरुण सर, खापर गावच्या कापड दुकानदाराचा मुलगा, त्या दिवशी लागोपाठ दोन चहा प्यायले. एरवी ते चहाला शिवतसुद्धा नाहीत.

मग संस्थेनं आपल्याकडे असल्या वेळी जे करतात तेच केलं, फ्लेक्स छापला. एका बाजूला यामिनीचा हसरा फोटो, दुसऱ्या बाजूला नकाशा. तो नेऊन टांगला तिच्याच पाड्यावर, आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर. यामिनीची आई रेवाबाई, नवरा गेल्यापासून घरात एकटीच, रोज वाट वाकडी करून लेकीचा फोटो बघायला जायची. ठिपका नेमका कोणाच्या घरावर पडलाय, हे विचारावंसं मात्र एवढ्या शहाण्या माणसांत कोणालाही वाटलं नाही. यामिनीलाही नाही.

फोन आला तो रिनाचा. रिना पाड्याची आशा कार्यकर्ती. घरोघर जाऊन ताप बघायचा आणि नोंद करायची हे तिचं काम, आणि यामिनीचा नकाशा त्याच नोंदींवर उभा होता. धडगावला बैठकीला आली होती, तिथून बोलत होती.

“ताई, तू ये. तुळशीबाईच्या अंगणात आता कोणी जात नाही.”

“का?”

“तू ये फक्त,” रिना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी यामिनी निघाली. धडगावपासून पुढे जीप. जीपवाला शिवाजी शहाद्याकडचा, तोंडानं मोकळा. “ताई, तुन्हाच फोटो शे ना त्या बॅनरवर? मोठं नाव काढं वं!” तो मागे वळून म्हणाला. तिच्या पाड्याची एक बाई समोरच बसली होती. तिनं मांडीवरचं मूल उचललं आणि यामिनीपासून लांब, दुसऱ्या बाजूला घेतलं. यामिनीला ते लागलं, पण घाटाच्या वळणांत ती ते विसरली.

तुळशीबाईचं घर पाड्याच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या धारेवर. अंगणात मोहाचं झाड आणि झाडाखाली चार पावलांची जागा, जिथे मोबाईलला रेंज मिळते. अख्ख्या पाड्यात तेवढीच. गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या लेकरांशी बोलायचं तर इथेच यावं लागे. बाजाराच्या दिवशी तर अंगणात बसायला जागा नसायची. तुळशीबाई येणाऱ्याजाणाऱ्यासाठी माठ भरून ठेवायची. विधवा, मूलबाळ नाही, पण घर कधी रिकामं नाही. यामिनीनं बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला तो याच झाडाखाली. साइट सारखी अडकत होती. तीन दिवस लागले आणि तिन्ही दिवस म्हातारीनं तिला भाकरी खाऊ घातली.

आज बाजाराचाच दिवस होता आणि अंगणात चिटपाखरू नव्हतं. माठ काठोकाठ भरलेला, पाण्यावर मुंग्या तरंगत होत्या. दाराला आतून कडी. यामिनीनं हाक मारली, पुन्हा मारली, तेव्हा कुठे दार बोटभर उघडलं.

“पोरी,” तुळशीबाईनं पावरी बोलीत विचारलं, “मला वाचता येत नाही. त्या फ्लेक्सवर माझ्याबद्दल काय लिहिलंस?”

मागून आलेल्या रिनानं मग सगळं सांगितलं. पावसाळ्यात तापानं पाड्यातली दोन लेकरं गेली, त्यातली एक वाहरूची मुलगी. पूर्वी असं झालं की बडव्याकडे, पाड्याच्या भगताकडे, जात. तो दाणे टाकून पाही आणि डाकीण कोण ते नाव घेऊन सांगे. जादूटोण्याविरुद्ध कायदा आला, पोलीस येऊन गेले, तेव्हापासून बडवा नाव घेत नाही. आणि ऐन त्या वेळी भिंतीवर फ्लेक्स लागला, तुळशीबाईच्या घरावर लाल ठिपका घेऊन.

“वाहरू म्हणतो, बडवा माणूस आहे, चुकेल,” रिना म्हणाली. “कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? म्हातारीला सांगितलंय, अमावास्येच्या आत घर सोड. नाही सोडलं तर आम्ही बघू.”

अमावास्येला चार दिवस होते.

“रिना, तू नोंदी कुठे बसून भरतेस?”

“कुठे म्हणजे? आजारी बघते, वहीत लिहिते आणि इथे येऊन मोबाईलमध्ये टाकते. रेंज दुसरीकडे आहेच कुठे?”

आता यामिनीला उमगलं. मोबाईल नोंदीबरोबर जागाही टिपत होता, पण ती आजाऱ्याच्या घराची नव्हे, नोंद भरली तिथली. पाड्याचे सगळे त्रेसष्ट ताप एका म्हातारीच्या अंगणात जमा झाले होते, आणि दिल्लीत त्यावर टाळ्या पडल्या होत्या. इतरांना माहीत नव्हतं हे ठीक. पण तिनं स्वतः याच झाडाखाली तीन दिवस काढले होते. तिला तरी कळायला हवं होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं तिथूनच सरांना फोन लावला. सर वाईट माणूस नव्हते, अडचण तीच होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“चूक आहे, दुरुस्त करूच. पण मंगळवारी मूल्यांकन समिती येतेय. तिच्यासमोर हा नकाशा आहे. समिती जाऊ दे, मग रीतसर करू.”

“सर, अमावास्या सोमवारी आहे. त्या बाईला मारून टाकतील.”

“यामिनी, इतका टोकाचा विचार करू नये.”

तिनं फोन बंद केला. लॅपटॉप उघडला, रिनाची वही मांडीवर घेतली आणि एकेक आजारी ज्याच्या त्याच्या घरी नेऊन बसवला. दिवस कलला तेव्हा लाल ठिपका विरला. त्याच्या जागी नाल्याच्या काठाकाठानं, साचलेल्या पाण्याशेजारी, फिकट ठिपक्यांची रांग उमटली. खरं काय होतं ते इतकं साधं होतं. नवा नकाशा तिनं त्याच चार पावलांच्या जागेवरून संस्थेला पाठवला, खाली उतरली आणि उजेड होता तोवर विळ्यानं दोऱ्या कापून फ्लेक्स उतरवला. लोक आपापल्या दारांतून बघत होते, पण कोणी हटकलं नाही, आणि यामिनीला वाटलं, सुटलो.

सकाळी रेवाबाईच्या दारात सातजण उभे होते. पुढे वाहरू, हातात पाय बांधलेली कोंबडी. ती त्यानं यामिनीच्या पायाशी ठेवली. बडव्याकडे जाताना न्यायची असते तशी.

“ठिपका पुसलास म्हणे.”

“तो चुकीचा होता, काका.” तिनं सगळं समजावलं. रेंज, वही, मोबाईल, नाला. ते सातहीजण माना हलवत ऐकत राहिले. बडव्याचा मंत्रही ते असाच ऐकत. समजला नाही म्हणून बिघडत नसे.

“पुसलास ते बरं केलंस. म्हातारीच्या भाकरी खाल्ल्यास तू,” वाहरू म्हणाला. “पण तो गेला कुठं?”

“कुठंच नाही.”

“माझ्या धाकट्याच्या अंगात कालपासून ताप आहे. म्हणजे तो कोणाच्या तरी घरी असणारच. तुला दिसतो. तुला पुसताही येतो.”

“पोराला धडगावला नेऊ, काका. आत्ता, या पावली. मी येते.”

“नेऊ. आधी घर सांग. नाही सांगितलंस, तर होता तिथंच आहे असं आम्ही समजू.”

यामिनीनं वर पाहिलं. धारेवरच्या त्या घरातून धूर निघत नव्हता. तिला संताप अनावर झाला. वाहरूचा, सरांचा, दिल्लीतल्या टाळ्यांचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. आपल्याला कोण हात लावणार? आपल्यामागे संस्था आहे, पेपरात फोटो आहे.

“माझ्या घरी आहे,” ती ओरडली. “मीच आणला. इथं आहे तो, या घरात!”

तिचा हिशेब चुकला नव्हता, तिला कोणी हात लावणार नव्हतं. तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. सगळे तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. घराच्या कोपऱ्याशी डोक्यावर दोन हंडे घेऊन रेवाबाई उभी होती. नाल्यावरून येताना शेवटचं तेवढं तिनं ऐकलं होतं.

“आई, मी तसं नाही…” यामिनी म्हणाली. दुपारी दोनला तिची जीप होती. आई इथेच राहणार होती.

वाहरूनं कोंबडी उचलली. ते एकामागून एक नाल्याच्या वाटेनं उतरू लागले. वाट अरुंद होती, तरी रेवाबाईची सावली पडली होती तिथं प्रत्येकानं काट्यांत पाय घातला आणि ती चुकवली.