चाकामागचा दगड

फौजेच्या वर्कशॉपात सहदेवने चौदा वर्षं काढली. तिथे हवालदारांनी त्याला जेवढं छळलं नसेल तेवढं अमडापूरच्या लोकांनी एका दिवाळीत छळलं. आणि मागणं तरी काय होतं त्याचं? एक विंच. हाताने फिरवायची, तारेचा दोर गुंडाळून घेणारी चरखी. ती ट्रेलरच्या तोंडाशी बसवायची, बंद पडलेल्या मोटारीला दोर अडकवायचा आणि दांडा फिरवत राहायचं. मोटार फळ्यांवरून आपल्या पायाने ट्रेलरवर चढते. एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट चार शहाण्यांना विचारून करायला घेतली की तिचं लग्नकार्य होतं, हे सहदेवला कुणी सांगितलं नव्हतं.

चिखली-खामगाव रस्त्याच्या कडेला, जरा उतारावर, त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या आसावर त्याने तो ट्रेलर स्वतः बांधला होता आणि लिलावात घेतलेल्या जीपला जोडला होता. मेलेल्या मोटारी वाहून नेतो म्हणून गावाने ट्रेलरचं नाव ठेवलं तिरडी. नाव ठेवलं तर ठेवलं, पण तिरडी म्हटल्यावर खांदे द्यायला हवेतच असा लोकांचा समज झाला. कुठे मोटार चढवायची म्हटली की दहा-बारा जण शेतातली कामं टाकून यायचे आणि मोटारीच्या मागे उभे राहून रेटायचे. त्यांना नको म्हटलं तर राग यायचा.

सगळ्यांच्या मागे, चाकापाशी, सहदेवचा थोरला भाऊ कडूबा असायचा, हातात दगड घेऊन. बैलगाडी घाट चढते तेव्हा एक माणूस दगड घेऊन मागून चालतो. बैल दम खायला थांबले की तो चाकामागे दगड लावतो, म्हणजे गाडी मागे सरत नाही. त्यांच्या घरात हे काम बापाचं होतं, बाप गेल्यावर कडूबाचं झालं. मोटार म्हणजे बिनबैलांची गाडीच, असा हिशेब करून कडूबाने ते ट्रेलरलाही लागू केलं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात रेटणाऱ्यांचा दम एकदम सुटला, मोटार मागे आली, दगड निसटला आणि कडूबाचा डावा पाय चाकाखाली गेला. तीन महिने प्लास्टर. आता तो लंगडत चालायचा.

पाय मोडला त्या दिवशी सहदेवने बायकोपाशी, अन्नपूर्णापाशी, शब्द टाकला होता की यापुढे आपल्या ट्रेलरमागे माणूस उभा राहणार नाही, आणि दादा तर नाहीच. अन्नपूर्णाने विचारलं, दादाजींना हे सांगितलं का? सहदेव म्हणाला, सांगून ऐकणारा माणूस आहे का तो?

तसा तो नव्हताच. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात कडूबाने ओढ्यातून नवा दगड निवडून आणला, काळा, एका बाजूने उतरता. तो गोणपाटात गुंडाळून जीपच्या सीटखाली ठेवला. सहदेवने दोनदा फेकून दिला, दोनदा तो परत सीटखाली आला. हेका तो हेका. सहदेवला त्या दगडाचा इतका संताप यायचा की जीपमध्ये बसताना तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

म्हणून विंच. आणि नुसती विंच नाही, दातेवाली. दात्यांच्या चाकात एक खिटी पडते. दांडा हातातून सुटला तरी खिटी दात धरून ठेवते, मोटार तसूभरही मागे येत नाही. खिटी हाच दगड, फक्त तो लोखंडाचा आणि त्याला पाय नसतो. हे सहदेवने अमडापुरात किमान तीस लोकांना समजावलं. तिसांनीही मान डोलावली आणि तिसांनीही आपलंच सांगितलं.

कुणी म्हणालं, खामगावात जिनिंगच्या भंगारात मस्त रीळ पडलंय. सहदेव आख्खा दिवस घालवून बघून आला. रीळ मोठं होतं, रंगही होता, पण त्याला ना दाते ना खिटी. दांडा सोडला की तो उलटा फिरून माणसाचा हात मोडणार. चेनपुली आण, असं दुसऱ्याने सुचवलं. ती वर टांगावी लागते आणि नाल्यात आढं कुठून आणायचं, ते त्याने सांगितलं नाही. जानेफळचे बागायतदार शंकरराव यांनी तर सरळ विचारलं, माझी चार बैलं असताना हे चरखीचं खूळ कशाला? ज्यांची मोटार जानेफळच्या वाटेवरच्या नाल्यात आठ दिवस रुतून बसली होती, तेच हे शंकरराव.

शेवटी विंच सापडली ती विहिरीवर. उकंडराव हे विहिरी खोदून देणारे. खाली सुरुंग लावायचे, दगड फुटले की टोपलं भरून वर ओढायचं. ओढायला त्यांच्याकडे यारी होती. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचं ओढायचं यंत्र. सहदेवने वरचा खांब आणि कप्पी बाजूला करून खालची चरखी पाहिली आणि त्याच्या जिवात जीव आला. पोलादी दाते, जाड खिटी, बोटाएवढी तार, लोखंडी पायांची चौकट. त्याला हवी होती अगदी तशीच.

उकंडराव द्यायला तयार झाले. बदल्यात त्यांचं ऑइल इंजिन सहदेवने दुरुस्त करायचं आणि संक्रांत झाली की यारी परत, कारण त्यानंतर विहिरींची कामं सुरू होतात. इथवर ठीक. मग त्यांनी अट घातली की यारीला भोक पाडायचं नाही.

सहदेव म्हणाला, भोक पाडल्याशिवाय बोल्ट कसे टाकू? उकंडराव म्हणाले, बोल्ट टाकायचेच कशाला? त्यांच्या यारीने बावीस विहिरी काढल्या होत्या, एकाही विहिरीवर बोल्ट नव्हता. चौकटीच्या मागच्या पायांवर मुरमाची पोती ठेवायची, बस. शिवाय भोक पाडलेल्या यारीच्या विहिरीला पाणी लागत नाही, हे त्यांचं ठाम मत. पट्ट्या लावून आवळू का, असं सहदेवने विचारलं, तर आवळल्याने चौकट पिळते म्हणाले.

सहदेवने जमिनीवर काडीने रेघा मारून दाखवलं. विहिरीवर ओझं खाली ओढतं, म्हणून मागचं वजन पुरतं. ट्रेलरवर मोटार आडवं ओढणार. पोती वर बसून राहतील आणि यारी खालून सरकत जाईल. उकंडरावांनी रेघा नीट पाहिल्या आणि म्हणाले, "बावीस विहिरी, सहदेव. तुह्या किती?"

इथे सहदेव चुकला. कळत असून चुकला, आणि त्याचा राग त्याला पुढे कित्येक दिवस स्वतःवरच काढावा लागला. शंकररावांचा रोज निरोप येत होता, दुसरी विंच दृष्टीस पडत नव्हती, आणि बावीस विहिरींसमोर वाद घालून तोंड दुखलं होतं. एकदा पोत्यांवर करून बघू, असं तो म्हणाला.

जानेफळच्या नाल्यावर ही एवढी जत्रा. शंकरराव खुर्ची घेऊन आले होते. उकंडरावांनी जातीने सहा पोती रचली, वरून हात फिरवला. सहदेवने चुन्याची रेघ मारली आणि सांगितलं, रेघेच्या आत कोणी यायचं नाही. कडूबाला त्याने काठावरच्या बाभळीखाली बसवलं. आठ-दहा जण तरीही रेटायला पुढे झाले, त्यांना त्याने अक्षरशः हाकललं. खांदे नको असलेली तिरडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, ते रुसून बसले.

सहदेव दांडा फिरवू लागला. खिटी दात्यांवरून कट कट पडत होती आणि तो आवाज त्याला फार गोड लागत होता. मोटार वाळूतून निघाली, फळ्यांवर आली, पुढची चाकं ट्रेलरला टेकली. मग पायाखाली काहीतरी खरडल्यासारखं झालं. यारी वीतभर मागे सरकली. वरचं पोतं कलंडलं, दुसरं फुटलं, आणि हलकी झालेली यारी खिटीसकट, दात्यांसकट ट्रेलरवरून घसरत निघाली. सहदेवने चौकटीला मिठी घातली, पण मोटारीसमोर माणसाचं बळ ते किती. मोटार फळ्यांवरून उलटी सुटली.

आणि हातभर जाऊन थांबली. सहदेव धावत मागे गेला. मागच्या चाकाखाली काळा दगड होता, दगडापाशी कडूबा बसला होता, दोन्ही हात अजून दगडावर. रेघेच्या आत, चाकापासून टीचभर अंतरावर. बाभळीखाली कोण होतं मग? कोणीच नव्हतं, सगळे दांड्याकडे बघत असताना हा लंगडत येऊन बसला होता.

सहदेवची भीती बाहेर पडताना राग होऊन पडली. वडील भाऊ आहे हे विसरून तो पुष्कळ बोलला, लोकांसमोर बोलला. कडूबाने दगडावरचे हात तेवढे काढून घेतले. उकंडराव ट्रेलरवरून म्हणाले, आणखी दोन पोती असती तर काम झालं असतं. शंकररावांनी बैलं मागवली आणि मोटार बैलांनी ओढून चढवली. त्या गोष्टीची शंकररावांना फार मजा वाटली.

गॅरेजवर परतताच सहदेवने कुणाला न विचारता ड्रिल काढलं. चौकटीच्या चारही पायांना भोकं पाडली, खाली ट्रेलरच्या आडव्या लोखंडी अँगलमधून भोकं पाडली, खाली जाड पट्टी आणि वायसर घालून चार बोल्ट आवळले. अंगठ्याएवढे बोल्ट. हातभर लांबीचा पाना लावून, त्यावर पाय देऊन आवळले. उकंडराव दारात उभं राहून बघत होते. "भोक पाडलं तं पाडलं," ते म्हणाले, "पण संक्रांतीले माही यारी मले पायजे." सहदेवने हो म्हटलं. दिलेला शब्द होता.

पुढच्या दोन महिन्यांत तिरडीने अकरा मोटारी आणि एक ट्रॅक्टर आणला. यारी केसभर हलली नाही. दांडा कडूबाच फिरवायचा, सहदेवने त्याला वर ट्रेलरवर घेतलं होतं. नाल्यावरच्या प्रकारानंतर दोघं कामापुरतं बोलायचे. दगड मात्र सीटखाली होताच, आणि सहदेवने तो फेकून द्यायचा नाद सोडला होता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी उकंडराव बैलगाडी घेऊन हजर. तीळगूळ दिला, गोड बोलायला सांगितलं, आणि लगेच यारी मागितली. त्यांचं दुरुस्त झालेलं इंजिन गाडीत चढवून झालं. सहदेव पाना घेऊन ट्रेलरखाली शिरला आणि पाना लावायला गेला तर तो लागेना. चारही बोल्टांची टोकं कुणीतरी घणाने ठोकून चेपली होती, छत्रीसारखी पसरवली होती. नट त्यावरून उतरणं शक्य नव्हतं. आता छिन्नीनेच तोडावं लागलं असतं.

सहदेव बाहेर आला तेव्हा त्याचं डोकं फुटायची पाळी होती. विंच शोधायला दोन महिने, बसवायला भांडण, आणि आता काढायला हे. कुणी केला हा शहाणपणा, असं त्याने विचारलं.

"म्या ठोकले," कडूबा म्हणाला. तो ओट्यावर बसून भाकर खात होता.

"काऊन, दादा?"

कडूबाने घास संपवला. "घाटात मांगं मोठ्यानंच राहा लागते. बाप राह्यला, मंग म्या. भ्या वाटते का म्हणून कोणी इचारत नाही." तो भाकरीकडे बघत बोलत होता. "मले लय भ्या वाटे, सहदेवा. पाय मोडला तवापासून तं चाक पाह्यलं का घाम सुटे. पण म्या नाही तं तू जाशीन मांगं. आता हे निंघालं तं मले पुन्हा तठी बसा लागीन."

सहदेव पाना हातात धरून उभा राहिला. दीड वर्ष त्याने त्या दगडाचा राग केला, आणि तेवढ्या काळात एकदाही हा साधा प्रश्न त्याला सुचला नव्हता. नाल्यावर लोकांसमोर आपण काय काय बोललो ते त्याला शब्द न् शब्द आठवलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

उकंडरावांनी कासरा गाडीला गुंडाळून ठेवला. तेही आपल्या घरात थोरले होते. मग त्यांनी चहा सांगायला लावला आणि म्हणाले, "मले दुसरी यारी करून दे. होळीच्या आंदी. आन तिले भोक नको." म्हणजे पुन्हा भंगार, पुन्हा रीळ, पुन्हा दाते, पुन्हा तीस जणांचे सल्ले. सहदेवने कपाळावर हात मारला आणि हाव म्हटलं.

चहा पिऊन उकंडराव निघाले. गॅरेजपासून रस्त्यापर्यंत चढ आहे आणि इंजिन जड. अर्ध्या चढावर बैल दम खायला थांबले, गाडी किंचित मागे रेलली. कडूबा भाकर तशीच ठेवून उठला. त्याचा हात जीपच्या सीटखाली गेलाही.

"बस तू," सहदेव म्हणाला. त्याने भावाच्या हातातून दगड काढून घेतला, चढावर धावत गेला आणि चाकामागे लावून तिथेच उकिडवा बसला. वर उकंडराव बैलांना चुचकारत होते. मागे बसल्यावर चाक केवढं मोठं दिसतं, हे सहदेवला त्या दिवशी कळलं.