मी करंजी घाट उतरले

मित्रांनो, कहाणी मग सांगते, आधी माझी तक्रार ऐका. आमच्या अजिनाथला माणसांत बोलायची रीत नाही. हायवेवरचा एक हॉटेलवाला आमच्या दारात आला, तर हा माझ्या बॉनेटवर थाप मारून त्याला म्हणतो, "चालवायच्या कामाची न्हाई राहिली. उभी करायला मात्र लई झ्याक." माझ्या तोंडावर! अरे, पाच दिवसांचा होतास तेव्हा दवाखान्यातून तुला घरी कोणी आणलं? वाटेत माझी सीट ओली केलीस, ते मी कधी चार लोकांत काढलं का?

तर मी एक जुनी मोटार आहे. गोल दिव्यांची, सायीच्या रंगाची. अजिनाथच्या वडिलांनी, गोरक्षअण्णांनी, मला कोल्हारला आणलं, तेव्हा प्रवरेच्या पुलावर माणसं सायकली थांबवून बघत उभी राहिली. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. नंबरपाटीवर चार अक्षरं आहेत, तेवढीच माझी विद्या. पण रस्ते मला पाठ आहेत. गावातली लेक सासरी निघाली की बोलावणं मला, बाळंतीण माहेरी आणायची तरी मला. अण्णा रोज सकाळी सुती फडक्यानं मला पुसत आणि चपला झटकल्याशिवाय आत बसत नसत.

माझ्यात एक उणं होतं, ते लपवत नाही. माझे ब्रेक. चारही चाकांत लोखंडी डबे होते, त्यांना ड्रम म्हणतात. डब्याच्या आत चंद्रकोरीसारख्या दोन पट्ट्या. पाय दाबला की त्या फाकतात, डब्याला आतून घासतात आणि चाक धरतात. त्या काळी बहुतेक गाड्यांचं असंच होतं. पण डब्यात पाणी शिरलं की पट्ट्या घसरतात, आणि घाटात डबे तापले की पकड ढिली पडते. अण्णा पट्ट्या वेळच्या वेळी बदलायचे. ते गेले, आणि अजिनाथने ती काळजी सोडून एक युक्ती धरली. ब्रेक लागेना की पायाने धडाधड पंप मारायचे. एक, दोन, तीन. तिसऱ्याला मी थांबायचे. तीस वर्षं या माणसाने मला एकेक गोष्ट तीनदा सांगितली, आणि नावं मात्र मलाच ठेवली.

गेल्या पावसाळ्यात त्याने मला ओढ्याच्या पाण्यातून काढलं आणि तशीच ओली बाभळेश्वरच्या रस्त्याला दामटलं. समोर पेरूवालीच्या पाट्या. त्याने पंप मारले, एक, दोन, तीन, चार. मी घसरतच गेले आणि पाट्या उलथल्या. ती बाई उडी मारून बाजूला झाली म्हणून निभावलं.

"डोळं कुठं ठिवून आलास रं?" ती ओरडली.

"माझं काय न्हाई मावशी, गाडीच ऐकत न्हाई," अजिनाथ म्हणाला.

ऐकलंत? त्याच दिवशी त्याने मला हॉटेलवाल्याला द्यायचं ठरवलं. माझं इंजिन काढायचं, बॉनेटखाली माती भरायची आणि तिथे झेंडू लावायचा. येणाऱ्याजाणाऱ्याने जेवण झालं की माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा. माझ्या पोटात झेंडू!

आडवी आली ती मोनिका, अजिनाथची लेक. नगरच्या एमआयडीसीत मशीनवर काम करते, हाताला ग्रीस लागलं तर नाक मुरडत नाही. ती म्हणाली, "पप्पा, पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक टाकू. मग ठरवा."

"ठरवायचं काय त्यात? करंजी घाट उतरून मोहटादेवीला ने मला. उतरली तर ऱ्हाईल, न्हाईतर झेंडू."

गावातल्या बन्सी मिस्त्रीने मला जॅकवर चढवलं. पुढचे डबे निघाले. त्यांच्या जागी दोन पोलादी ताटल्या आल्या, उघड्या, वारा खाणाऱ्या. चुलीवरचा पापड चिमट्यात धरतात ना, तसा एक चिमटा ताटलीला दोन्ही बाजूंनी धरतो. पाणी उडून जातं, उष्णता वाऱ्यावर जाते. ताटली माझ्या चाकात नीट बसावी म्हणून मोनिकाने मधला तुकडा स्वतः लेथवर कातला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. पायाचं बळ वाढवणारा बूस्टरही बसवला.

पहिली फेरी अजिनाथने हट्टाने स्वतः घेतली. चौकात म्हैस आडवी आली आणि याने जुन्या सवयीने पंप मारला. अहो, पहिल्यालाच मी जागच्या जागी! त्याची टोपी काचेवर आणि कपाळ स्टेअरिंगवर. पारावरची माणसं पोट धरून हसली.

"ही तर तोंडावर पाडती! काढ ते सगळं, बन्सी!"

"अजिनाथनाना, पाय हलका ठिवा," बन्सी म्हणाला. "आता हिला तीनदा सांगावं लागत न्हाई."

"मला गाडी शिकिवतो व्हय? हॉटेलवाल्याला फोन लावतो मी."

"आधी घाट, पप्पा. शब्द तुमचा आहे," मोनिका म्हणाली आणि स्टेअरिंगवर बसली.

नगर मागे पडलं, घाट सुरू झाला. मित्रांनो, त्या उतारावर पूर्वी माझे डबे धुपायचे, जळका वास सुटायचा. आज वळणामागून वळण मी रुबाबात उतरत होते. शेजारी अजिनाथ दांडी धरून देवीचं नाव घेत होता आणि रिकाम्या जागी पाय आपटत होता. एक, दोन, तीन.

"पप्पा, तिकडं ब्रेक नाहीये," मोनिका म्हणाली.

तेवढ्यात वळणावर मेंढरं! सगळा रस्ता भरून, मधोमध एक कोकरू. अजिनाथने डोळे मिटले. मोनिकाने एकदाच पाय दाबला, नेमका. मी ना डावीकडे सरकले, ना उजवीकडे. सरळ रेषेत थांबले, कोकरापासून चार हात अलीकडे.

मेंढपाळ माझ्याकडे बघत राहिला. "म्हातारी हाय, पर काय उभी राहिली!" तो म्हणाला. म्हातारी म्हणाला तरी त्याचा राग नाही आला मला.

अजिनाथने डोळे उघडले, खाली उतरला, माझ्या पुढच्या चाकाशी बसला. ताटली निरखून पाहिली. मग खिशातून फोन काढला आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, "न्हाई देयची. झेंडू कुंडीत लावा."

मित्रांनो, जुन्याला टाकून द्यायच्या आधी त्याला काय हवंय ते बघा. कधी नुसती निगा लागते, कधी एखादा नवा भाग. तो देणारं एक माणूस घरात असलं तर घाट काय, डोंगरही उतरता येतो.

पण थांबा, संपलं नाही. मोहटादेवीच्या पायथ्याशी माझ्याभोवती माणसं जमली, आणि अजिनाथ छाती काढून सांगू लागला, "डिस्क टाकायची माझ्याच डोक्यातनं निघालं बरं का!" मोनिका नुसती हसली. मला नाही जमत तसं.

अजिनाथ, ऐक आता, सगळ्यांसमोर सांगते. डोकं पोरीचं, हात पोरीचे, आणि घाटात उघडे डोळेही पोरीचेच. आजपासून माझी किल्ली तिच्याकडे राहील. तुला कुठे जायचं असेल तर तिला विचारायचं, आणि ती हो म्हणाली तर चपला झटकून शेजारी बसायचं. गप्प.