हळहळ

जाईने चित्रातल्या सशावर बोट ठेवून "वॅबिट" म्हटलं, तसा यामिनीताईंच्या जिभेवर 'रॅ' आलाच. पण मुलांना मधे काही सुचवायचं नाही, असं बजावलेलं होतं. त्यांनी ओठ मिटले.

लहान मुलं व्यंजनं कशी शिकतात, याचा अभ्यास कॅनडातल्या ग्वेल्फच्या त्या विद्यापीठात चालला होता. सून ऊर्मी ऑफिसला, म्हणून नातीला घेऊन आजीच आल्या होत्या. शेजारच्या चटईवर थांडी ठोकळे रचत होती. दक्षिण आफ्रिकेची, जाईएवढीच, घरी खोसा बोलणारी.

"हिच्या भाषेत जीभ टाळूवरून सोडून टक्‌-टक्‌ आवाज काढायची व्यंजनं आहेत," अभ्यास करणारी ऑलिव्हिया सावकाश इंग्रजीत म्हणाली. "घरात ऐकून ऐकून येतात मुलांना. जाईचा 'र'ही येईल. काळजी नको."

"अँड आवर ळ?"

"तो घरात कोण बोलतं तिच्याशी?"

"आय," यामिनीताई म्हणाल्या. "ओन्ली आय."

शनिवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

तेवढ्यात थांडीचा मनोरा कोसळला. "च्‌ च्‌," यामिनीताईंच्या तोंडून सहज गेलं. पोर चमकून वळली. त्यांच्या तोंडाकडे पाहत तिने तसंच केलं. मग त्यांच्या कानातल्या कुडीला बोट लावून तोच आवाज असलेला एक अख्खा शब्द म्हणाली आणि वाट पाहत थांबली.

यामिनीताईंनी शब्द परत केला, जमला तसा. पोर खिदळली. कीर्तनात बुवांनी ओळ सोडावी आणि श्रोत्यांनी उचलावी, तसं झालं. मुलाच्या घराच्या बेसमेंटमध्ये फोनवर कीर्तन लावून ओळ उचलायला एवढे महिने त्या एकट्याच होत्या. जाई दोघींच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

शनिवारी दुपारी त्या बॅग भरत होत्या.

"आजी, चिपल्या टेकिंग?"

"चिपळ्या गं, सोन्या. ळ. जीभ अशी मागे वळव."

"चिपल्या."

"बरं, असू दे."

त्यांनी चिपळ्या लुगड्याच्या घडीत ठेवल्या, पुन्हा काढल्या, जाईच्या हातात दिल्या. मग पलंगाच्या कडेवर बसून चष्मा पदराने पुसत राहिल्या.

जाई जवळ आली. तिने आजीचा चेहरा नीट पाहिला. जीभ दातांमागे नेली.

"च्‌ च्‌."

यामिनीताईंना ओळ उचलायची होती. पण जीभ टाळूवरून सुटेना.